पेठेतला मुक्काम

सातारा किंवा सांगली येथे दोन-चार दिवस राहण्याचा ज्यांचा बेत आहे, आणि हमरस्त्यालगतच्या, कोणत्याही गावी सारख्याच दिसणाऱ्या हॉटेलात उतरण्यापेक्षा जुन्या पेठेतील एखाद्या कुटुंबाने आपल्या राहत्या वाड्यातील दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढून ठेवल्या असतील तर तेथे मुक्काम करावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. असा मुक्काम आप्ताच्या घरचा नसतो आणि निखळ व्यवहाराचाही नसतो. पाहुणा पैसे देतो, म्हणून त्याला काही मागण्याचा हक्क असतो; परंतु तो ज्या ओसरीवर पादत्राणे उतरवितो ती ओसरी कोणाच्या तरी तीन-चार पिढ्यांच्या वावराने गुळगुळीत झालेली असते, म्हणून त्याच्यावर काही मर्यादाही येतात. या दोहोंचा मेळ कसा घालावा हे आगाऊ कळले, तर अशा घरातला मुक्काम अतिशय सुखाचा होतो. ते न कळल्याने यजमान आणि पाहुणा दोघेही अकारण कष्टी होतात.

या घरांचे शिरस्ते प्रथमदर्शनी तऱ्हेवाईक वाटतात. रात्री ठरावीक वेळी दिंडी दरवाजा लागतो. स्नान सकाळी अमुक वेळेच्या आत उरकावे अशी विनंती असते. चौकाच्या एका बाजूच्या खोल्यांना वर्षानुवर्षे कुलूप असते. सांगलीत तर तळमजल्याची उत्तम हवेशीर खोली रिकामी असूनही आषाढ-श्रावणात पाहुण्याला माडीवरच धाडले जाते. नवखा मनुष्य याला यजमानाचा हेकेखोरपणा समजतो. माझे मत असे आहे की, यांतील बहुतेक नियम यजमानाने केलेले नसून त्या शहराने, त्याच्या डोंगराने, नदीने आणि इतिहासाने ते केलेले आहेत. यजमान केवळ त्यांचा अंमल करीत असतो. नियमामागचे कारण शोधण्याची ज्याला गोडी आहे त्याला या मुक्कामात त्या शहराची जी ओळख होते, ती कोणत्याही मार्गदर्शकाच्या तोंडून होणार नाही.

साताऱ्याचेच पाहा. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांनी १७०८ च्या आरंभी साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला आणि त्यांच्या प्रदीर्घ कारकीर्दीत, १७४९ पर्यंत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी हे शहर वसत गेले. म्हणजे हे डोंगराच्या उतारावरचे शहर आहे. मंगळवार, शुक्रवार, यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा या पश्चिमेकडील पेठांतील गल्ल्या चढउताराच्या आणि पालखी-घोड्यांच्या बेताने आखलेल्या आहेत, मोटारींच्या नव्हे. तेव्हा जागा ठरविताना पहिला प्रश्न भाड्याचा न विचारता वाहन दारापर्यंत येते किंवा कसे, आणि न येत असल्यास ते ठेवावयाचे कोठे, हा विचारावा. एस. टी. ने येणाऱ्याने पोवई नाक्याच्या बाजूला उतरून राजवाड्यापर्यंत रिक्षा करावी. रेल्वेने येणाऱ्याने हे ध्यानात धरावे की साताऱ्याचे स्टेशन गावापासून चांगलेच दूर, माहुलीच्या अंगाला आहे, आणि अपरात्री पोहोचणारी गाडी निवडल्यास यजमानाला जागे राहावे लागते. सामान एका हाताने उचलता येईल इतकेच असावे. वाड्याचा जिना बहुधा भिंतीच्या जाडीत काढलेला, अरुंद, उंच पायऱ्यांचा आणि वळणावर अंधारा असतो. दरवाजाची चौकट ठेंगणी असते. बरोबर वृद्ध माणसे असतील, कोणाचे गुडघे दुखत असतील, तर तसे स्पष्ट सांगून तळमजल्याची खोली मागून घ्यावी. शौचालय खोलीला जोडून आहे की चौक ओलांडून परसात जावे लागते, हा प्रश्न विचारण्यास पुष्कळ लोक संकोचतात. परंतु तो न विचारल्याचा पश्चात्ताप मध्यरात्री होतो.

पाण्याच्या वेळेचा जो नियम साताऱ्यात आढळतो त्याचे मूळ डोंगरात आहे. यवतेश्वर आणि महादरे यांच्या अंगाने आलेले पाणी उताराच्या बळावर खापरी नळांतून शहरातील हौदांत आणावयाचे, ही येथली जुनी तजवीज. आजही शहराच्या बऱ्याच भागाला कासच्या तलावाचे पाणी त्याच न्यायाने, उंचावरून खाली येऊन मिळते. अनेक वाड्यांच्या चौकांत दगडी हौद अद्याप आहेत. नळाला पाणी येण्याची वेळ बांधलेली असल्यामुळे घराची सारी सकाळ त्या वेळेभोवती फिरते : बंब पेटतो, हंडे-कळश्या भरल्या जातात, धुणे निघते. पाहुण्याने पाण्याची वेळ आल्याबरोबर विचारून ठेवावी आणि त्या क्रमात आपले स्नान बसवून घ्यावे. नऊ वाजता उठून दोन बादल्या कढत पाणी मागणारा पाहुणा पैसे देतो हे खरे असले, तरी त्या वेळी घरात पाणी नसेल तर त्याचे पैसे काय कामाचे?

कुलूपबंद खोल्यांविषयी पाहुण्याने चौकशी करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मराठी मुलखातील जुन्या वाड्यांची मालकी क्वचितच एकहाती असते. चुलत्यांचे, चुलतभावांचे, परगावी वा परदेशी गेलेल्यांचे हिस्से असतात. एखाद्या बाजूला जुन्या भाड्याने राहणारे बिऱ्हाड असते. कुठे दिवाणी कोर्टातला दावा आजोबांपासून चालत आलेला असतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठविलेल्या भाड्यांतून कौलेही बदलता येईनात, आणि म्हणून कितीएक वाडे ढासळले किंवा पाडून त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. जे उरले आहेत त्यांपैकी काहींचा डागडुजीचा खर्च आता पाहुण्यांच्या भाड्यातून निघतो. तुळयांना लागलेली वाळवी, गळणारे कडीपाट, पडवीची खचलेली फरसबंदी यांचा हिशेब कोणाही पाहुण्याला दाखविला जात नाही. म्हणून, ‘एवढ्या पैशांत हॉटेलात वातानुकूलित खोली मिळते’ हे वाक्य अशा घरात उच्चारू नये. भाव पटत नसेल तर आधीच नम्रपणे नाही म्हणावे. उतरल्यावर घासाघीस करू नये. विसार पाठविल्यास त्याची पावती मागण्यात मात्र गैर काही नाही. चोख यजमान ती न मागताच देतो.

दरवाजा लवकर लागतो, याचे कारण बहुधा अगदी साधे असते. वाड्यात राहणारे दांपत्य वयस्क असते, मुले पुण्या-मुंबईस नोकरीला असतात, आणि अडसर घालून निजल्याखेरीज आजींना झोप येत नाही. नाटकाचा वा सिनेमाचा बेत असल्यास सायंकाळीच सांगून ठेवावे; किल्ली देण्याची किंवा जागे राहण्याची व्यवस्था ते आनंदाने करतात. तसेच, त्यांना ‘मालक’ किंवा ‘मॅडम’ अशी हाक न मारता काका-काकू, आजी-आजोबा म्हणावे. हे केवळ गोड बोलणे नव्हे, कारण त्या घरात दुसरे कोणतेही संबोधन परके वाटते. देवघराचे छायाचित्र विचारल्याखेरीज घेऊ नये, चौकातल्या वाळवणांवरून चालू नये. स्वयंपाकघरात पाऊल टाकण्यापूर्वी उंबरठ्याबाहेर थांबून आत येऊ का म्हणून विचारावे, एवढ्याने काम भागते.

ओळखपत्र मागितले म्हणून रुष्ट होणारे प्रवासीही असतात. परगावच्या माणसाची नोंद ठेवण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे नव्हे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाच्या कामांत शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची दखल ठेवणे हे एक काम होतेच. आजच्या व्यवस्थेत पाहुण्यांची वही ठेवणे ही यजमानाची जबाबदारी आहे, आणि परदेशी नागरिक उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारकडे कळवावी लागते. परदेशातून येणाऱ्या आप्तांना घेऊन उतरणाऱ्यांनी त्यांचे पारपत्र हाताशी ठेवावे. आपला जावई वा नात दुसऱ्या देशाची नागरिक आहे ही गोष्ट घरच्या लोकांच्या लक्षातच राहत नाही, आणि ऐन वेळी यजमानाला तसदी पडते.

नाव, गाव, ओळखपत्राचा क्रमांक येथवर यजमानाचा अधिकार आहे. जात विचारण्याचा नाही. इतर सर्व नियमांबाबत मी वाचकांना सबुरीचा सल्ला दिला, परंतु येथे देणार नाही, आणि त्याचे कारणही साताऱ्याच्याच इतिहासात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले ती शाळा त्या वेळी राजवाड्यात भरत असे. पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात हा मुलगा घरातील इतर मुलांसह साताऱ्याहून आगगाडीने वडिलांच्या भेटीस निघाला. मसूरच्या स्टेशनावर ती मुले उतरली, वडील आलेले नव्हते, आणि मुलांची जात कळताच गाडीवानांपैकी कोणी त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती निघाली. बरोबर शिदोरी असूनही प्यावयास पाणी मिळाले नाही, म्हणून रात्र उपाशी काढली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविणारे वसतिगृह काढले. त्याचा संसार चालविण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासह, काढून दिले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. साताऱ्याच्या आतिथ्याचा खरा वारसा मी यालाच मानतो. तेव्हा, आडनावावरून खोदून खोदून चौकशी करणारे घर कितीही देखणे असो, तेथे विसार पाठवू नये. आणि उतरल्यावर असा प्रश्न आलाच तर सामान उचलावे. मांसाहार घरात चालत नाही, असे कोणी सांगितल्यास तो त्यांच्या चुलीचा नियम आहे, तो मानावा. माणसाला दारात अडविणे हा कोणाच्याही चुलीचा नियम होऊ शकत नाही.

जेवणाविषयी थोडे. घरचे जेवण मिळणार असेल तर ते आदल्या रात्री सांगावे लागते, आणि त्यात निवड नसते. जे घरच्यांसाठी शिजते ते. साताऱ्याकडे कोरेगावचा घेवडा, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. सांगलीस कृष्णाकाठची वांगी. यांपुढे खाद्यपदार्थांची छापील यादी घेऊन बसण्याची आवश्यकता कोणाला भासेल असे वाटत नाही. कोणाला मधुमेह असेल, तिखट सोसत नसेल, तर आधी कळवावे. ऐन पानावर बसल्यावर सांगितलेली पथ्ये गृहिणीला खजील करतात. साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीचे भडंग यजमानांना विचारून त्यांच्या नेहमीच्या दुकानातून घ्यावेत.

साताऱ्याहून सांगलीस जाताना, कराड आणि पेठनाका मागे टाकून आष्ट्याच्या वाटेला लागले की भूमीच पालटते. डोंगर मागे राहतात, काळी सपाट जमीन, ऊस आणि हळद सुरू होते. सांगली हे शहर साताऱ्याहून वयाने लहान. मिरजेच्या पटवर्धनांच्या घरात वाटणी होऊन १८०१ च्या सुमारास चिंतामणराव अप्पासाहेब वेगळे निघाले आणि कृष्णेच्या काठच्या लहानशा गावी त्यांनी आपली राजधानी केली. गणेशदुर्ग, नदीकाठचे गणपतीचे मंदिर आणि त्यांच्याभोवती गावभाग, खणभाग, पेठभाग, वखारभाग असे भाग वाढले. चिंतामणरावांच्याच आश्रयाने ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि त्या तारखेच्या आसपास सांगलीत नाटकवाल्यांची वर्दळ असते, हे मुक्काम ठरविताना लक्षात घ्यावे.

परंतु सांगलीच्या जुन्या घरात उतरणाऱ्याने सर्वांत आधी नदी समजून घ्यावी. १९२९ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजली जाते. ४० फूट ही इशाऱ्याची आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी हे सांगलीतल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, हरभट रोड आणि मारुती रोडसारख्या भर बाजारपेठांतून होड्या चालल्या; त्यापूर्वी २००५ साली आणि त्यानंतर २०२१ सालीही शहराने महापूर सोसला. म्हणूनच पावसाळ्यात तळमजल्याची खोली दिली जात नाही, म्हणूनच घरातील चांगल्या वस्तू, कागदपत्रे, पुस्तके माळ्यावर असतात, आणि म्हणूनच ओसरीच्या भिंतीवर कुठे कुठे पाणी येथवर आले होते अशी रेघ व साल लिहिलेले दिसते. ती रेघ पाहून थट्टेने काही बोलू नये. त्या रेषेखाली त्या कुटुंबाचे पुष्कळ काही बुडालेले असते. आजोबांना सवडीने विचारले तर ते स्वतः होऊन सांगतात, आणि कोयनेतून किती पाणी सोडले, वारणेचे पाणी हरिपूरला कसे तटले, अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल लोकांत काय वाद आहे, याची अशी तपशीलवार कैफियत ऐकावयास मिळते की नदीकाठी राहणे म्हणजे काय याचा अर्थ प्रथमच उमगतो.

व्यावहारिक सूचना एवढीच की, जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट सरेपर्यंत सांगलीच्या जुन्या भागात मुक्काम ठरविला असल्यास निघण्यापूर्वी पुलावरील पातळीची बातमी पाहावी. पाणी ४० फुटांकडे सरकू लागले असेल तर स्वतः होऊन बेत रहित करावा आणि विसार परत मागू नये. त्या दिवसांत यजमानाला स्वतःचे सामान वर चढवावयाचे असते. आधीच येऊन राहिलेल्या पाहुण्याने मात्र सामान उचलून निमूटपणे पळ काढण्याऐवजी दोन पेट्या माळ्यावर चढविण्यास हात लावावा, एवढी अपेक्षा मी ठेवतो.

उत्सवकाळात जागा महिनाभर आधी धरावी. सांगलीत गणेश चतुर्थीच्या आधीच, भाद्रपद प्रतिपदेस, कोणताही गाजावाजा न करता गणपती मंदिरात ‘चोर गणपती’ बसतो, आणि हे पाहण्यासाठी चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधी पोहोचणे उत्तम, कारण त्या वेळी गर्दी नसते व यजमानांना बोलावयास फुरसत असते. साताऱ्यात दसऱ्याला जलमंदिरातून भवानी तलवारीची मिरवणूक पोवई नाक्याकडे सीमोल्लंघनास निघते. कासच्या पठारावर फुले साधारण सप्टेंबरात असतात, तेथील प्रवेशाला आगाऊ नोंदणी करावी लागते, आणि शनिवार-रविवारी रस्ता इतका तुंबतो की पेठेत राहणाऱ्याने मधल्या वारी पहाटे निघणे हाच मार्ग. लिंब येथील बारा मोटांची विहीर आणि संगम माहुली एका दिवसात होतात. सज्जनगडावर मात्र घाईने जाऊ नये. सांगलीहून हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम सायंकाळी चालत जाण्याजोगा आहे, आणि मिरजेत सतार व तंबोरे घडविणाऱ्यांची गल्ली पाहण्यास अर्धा दिवस राखून ठेवावा.

मुक्काम संपवून निघताना हिशेब पुरा करावा, खोलीत काही मोडले-तुटले असल्यास सांगावे, आणि जे खटकले तेही यजमानांच्या तोंडावर, सौम्यपणे पण स्पष्ट सांगावे. गादी ओली होती, उंदीर होते, न्हाणीघराचा दिवा बंद होता, या गोष्टी कळल्या तर सुधारता येतात. निघताना हसून रामराम म्हणावयाचा आणि घरी पोहोचून साऱ्या जगाला लिहून कळवावयाचे, हे सभ्य माणसाला शोभत नाही.

अखेरीस दोन शब्द त्या वाचकांसाठी, ज्यांचा स्वतःचाच असा एखादा वाडा या दोन शहरांत किंवा वाई-मिरजेत आहे आणि तो पाडावा की राखावा या विवंचनेत जे आहेत. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची अशा घरांसाठी योजना आहे. तिच्यात एका खोलीपासून सहा खोल्यांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त बारा खाटांपर्यंत नोंदणी होते, आणि मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे ही अट आहे. राज्याच्या पर्यटन खात्याचीही ‘न्याहारी व निवास’ योजना आहे. हिस्सेदारांची संमती लेखी घ्यावी, दोनच खोल्यांनी आरंभ करावा, शौचालय आणि विजेच्या तारा यांवर पहिला पैसा खर्च करावा, आणि सांगलीकरांनी रंगरंगोटी करताना भिंतीवरची पुराची रेघ पुसू नये.